कोरा ठोका

आबा,

तुमचं ते उसाच्या नक्षीचं लोखंडी फाटक गेल्या आठवड्यात माझ्या शेडमध्ये आलं. भंगारवाल्याच्या टेम्पोत, मोडक्या पत्र्यांच्या आणि खिडक्यांच्या गजांच्या खाली दबून आलं. कसबा बावड्यातला मालकांचा तो बंगला, ज्याच्यासाठी आपण ते घडवलं होतं, त्यांच्या मुलांनी पाडायला काढलाय, तिथे तीन मजली फ्लॅट होणार आहेत म्हणे. घडीव लोखंड दिसलं की हा भंगारवाला तोडायच्या आधी मला दाखवतो, तसं त्याने हेही दाखवलं. मी पत्रे बाजूला सारले आणि पहिलं पान दिसताच ओळखलं. तुम्ही गेलात त्याला अठरा वर्षं झाली, फाटक होऊन तेवीस. एवढ्या वर्षांत माझा राग निवला असेल असं मी धरून चालले होते. तो कुठला निवतोय. म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला वाचता यायचं, पेपरातल्या ओळीखालून बोट फिरवत तुम्ही सावकाश वाचायचात. पण हे तुम्ही वाचणार नाही, आणि म्हणूनच मला सगळं लिहिता येतंय. समोर असतात तर दुसऱ्या ओळीलाच मला थांबवलं असतंत. कसं, ते पुढे सांगते.

वर मी ‘तुमचं फाटक’ लिहिलंय, बघा. जिभेला लागलेली सवय. चौकट तुमची, मधली उसाची दोन कांडी तुमची, बिजागऱ्या तुमच्या. पानं माझी. सातही पानं माझी.

मंगळवार पेठेतलं आपलं दुकान भर दुपारीसुद्धा अंधारं असायचं. उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही, म्हणून रस्त्याकडचं दार तुम्ही कायम अर्धं लावलेलं ठेवायचात. मधोमध ऐरण, तिच्या एका अंगाला भट्टी आणि तुम्ही, समोरच्या अंगाला घण घेऊन मी, मागे भात्याची दोरी ओढणारी आई. मी तेरा वर्षांची आहे. घण मारणारा आपला गडी उद्यमनगरात फौंड्रीला लागलाय आणि दादाची शाळा बुडवायची नाही असं तुम्ही ठरवलंय. माझी शाळा बुडवायला कुणाला विचारावं लागलं नाही. पहिले आठ दिवस माझ्या तळहाताची साल निघत होती. आई हळद लावायची आणि तुमच्याकडे बघून काहीतरी पुटपुटायची, तेवढाच काय तो माझ्या बाजूने झालेला निषेध. पण एक सांगते, आणि हे कबूल करताना मला राग येतो, की महिन्याभरात मला ते काम आवडायला लागलं. फाळ असो की कुऱ्हाड, लाल लोखंड घणाखाली सरकतं तेव्हा ते हाताला कळतं. माझ्या वयाच्या मुली पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊन यायच्या, मी बैलगाडीच्या चाकाची धाव वाकवत होते.

आपल्या कामात बोलणं नव्हतंच. तुमच्या उजव्या हातात लहान हातोडी. ती जिथे टेकेल तिथे माझा घण पडायचा. हलकी टेकली तर हलका, खणकन वाजली तर जोराचा. आणि हातोडी लोखंड सोडून नुसत्या ऐरणीवर वाजली, की तो कोरा ठोका. कोरा ठोका म्हणजे थांब. घण डोक्यावर उचललेला असला तरी थांब, कारण तेवढ्यात तुमचा हात लोखंड फिरवायला खाली आलेला असायचा. एकदा चुकलं तर तुमची बोटं गेली. त्यामुळे ते डोक्याने ऐकायचं काम राहिलंच नव्हतं, कानात आवाज आला की हात आपोआप थिजायचे. सहा वर्षांत माझ्याकडून एकदाही चूक झाली नाही. तुमची दहाही बोटं शाबूत घेऊन तुम्ही वर गेलात, त्यातली निम्मी माझ्या नावावर मांडा.

आणि एकदा मात्र तुम्ही माझ्यावर खेकसलात. कुऱ्हाडीच्या लोखंडाला पोलादाची धार जोडत होतात. दोन्ही तुकडे भट्टीत पांढरे होत होते, आणि मी घण टेकवून तिकडे टक लावून बघत राहिले, कारण त्या रंगात काहीतरी वेगळं होतं. तुम्ही लोखंड बाहेर काढलंत, हातोडी टेकलीत आणि माझा घण एक श्वास उशिरा पडला. “भट्टीत काय बघतीस? हातोडीकडं बघ. आग बघायचं काम माझं हाय,” असं म्हणालात. तिथून पुढे मी हातोडीकडेच बघितलं. आबा, तुमचं ऐकलं मी. हे वाक्य मी तेवीस वर्षं विसरून गेले होते, या आठवड्यात ते खडखडीत परत आठवलं.

दादाला तुम्ही आग बघायला शिकवलंत. सुटीच्या दिवशी त्याला ओढून आणायचात, सांडशी त्याच्या हातात द्यायचात. त्याचं लक्ष गल्लीतल्या क्रिकेटकडे. पहिल्याच दिवशी त्याने जोडलेली खुरप्याची दांडी आपटल्याबरोबर सुटून पडली आणि तुम्ही त्याच्या थोबाडीत दिलीत. मग तेच खुरपं तीनदा तापवून तीनदा जोडायला लावलंत. तिन्ही वेळा घण माझाच. तुम्ही त्याच्या मानेवर हात ठेवून त्याचं तोंड भट्टीकडे वळवलं होतंत. “पिवळ्यावर काढू नगंस. लोखंडाला घाम सुटल्यागत दिसलं पायजे, मगच काढायचं. लई थांबलास तर फुलबाज्या उडत्यात, मग संपलं, जळलं ते.” हे सगळं मी ऐकलं. बघितलं मात्र नाही, कारण मी हातोडीकडे बघत होते. तिसऱ्यांदा जोड बसला. दादा गाल चोळत क्रिकेटला पळाला आणि पुढे दहावी झाल्यावर फौंड्रीत गेला, तो ऐरणीकडे परत फिरकलाच नाही. त्या थोबाडीतीचा मला तेव्हा हेवा वाटला होता. तेव्हा का वाटला ते कळलं नव्हतं, आता कळतंय.

मग ते मालक आले. बावड्याला त्यांचं उसाचं मोठं रान, कारखान्याला ऊस जायचा, त्या पैशावर नवा बंगला उठत होता आणि त्यांना फाटकावर ऊस हवा होता. उद्यमनगरातल्या लोकांनी त्यांना गज वाकवून नक्षी करून देतो म्हणून सांगितलं होतं. त्यांना खरा ऊस हवा होता, पाल्यासकट. तुम्ही जन्मभर विळे, फाळ, धावा केल्यात, पण कुणाच्या पाळण्याच्या कडीला तुम्ही मोराची मान द्यायचात आणि देवळातल्या समईच्या दांडीला पीळ घालायचात, ते त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. तुम्ही कोळशाने जमिनीवर फाटक काढून दाखवलंत. त्या दिवशी तुम्ही जेवताना हसत होतात, हे मला स्वच्छ आठवतं, कारण तुम्ही हसायचात ते मोजकंच.

चौकट झाली, कांडी झाली, कांड्यांवरची पेरं तर इतकी हुबेहूब की रस्त्यावरून जाणारा थांबून बघायचा. आणि तुम्हाला विषमज्वर झाला. वास्तुशांतीची तारीख ठरलेली. पेठेतल्या दुसऱ्या लोहाराने निरोप धाडला की उरलेलं काम मी करून देतो. तुम्ही आतल्या खोलीत घोंगडीखाली बरळत होतात, आई तुमच्या कपाळावरची पट्टी बदलत होती. मी सतरा वर्षांची. मी त्या माणसाला सांगितलं, आमचं काम आम्ही करू. आईने वर पाहिलं आणि पट्टी पुन्हा पाण्यात बुडवली. दुसऱ्या दिवशी तुम्हाला पेज भरवून ती भात्यावर येऊन बसली.

ते अकरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, हे तुम्ही अंथरुणात पडलेले असताना म्हणणं बरं नाही, तरी म्हणते. मी बावड्याच्या रानातून उसाचं एक पान तोडून आणलं. आणताना बोट कापलं. ते पान खिळ्याला टांगलं आणि त्याच्याकडे बघून पहिलं लोखंडी पान काढलं, लांब, ताठ, मधोमध छिन्नीने ओढलेली शीर. दुसऱ्या दिवशी खिळ्यावरचं पान जरा वळलं होतं, म्हणून दुसरं पान वळलेलं झालं. असं करत ते वाळत गेलं आणि माझी पानंही वाळत गेली. सातवं पान मधेच मोडून खाली लोंबलं, वाऱ्यात मोडतं तसं. सात पानांत एक आठवडा आहे, आबा. हे त्या फाटकात कुणालाच दिसलं नाही. मालकांना नाही, तुम्हाला तरी दिसलं की नाही कोण जाणे.

शेवटी पानं कांड्याला जोडायची होती. धगीतला जोड, म्हणजे दोन्ही लोखंडं तापवून एकमेकांत ठोकायची, ना खिळा ना रिबीट. तुमच्याकडून शेकडो वेळा पाहिला होता असं मला वाटत होतं. मी तापवलं, जोड धरावा म्हणून वर माती टाकली, काढलं, ठोकलं, चिकटलं. सातही चिकटली. कानस मारून सांधा असा पुसून टाकला की पान कांड्यातूनच फुटल्यासारखं दिसत होतं. मी आईला हात लावून बघायला लावलं. ती म्हणाली, “व्हय की गं, कुठं जोडलंयस ते घावतच न्हाय.” त्यावर मी जी फुगले.

बाराव्या दिवशी तुम्ही आईच्या खांद्याला धरून दुकानात आलात. हाडांचा सापळा झाला होता तुमचा. मी घणावर दोन्ही हात ठेवून उभी. तुम्ही एकेका पानावरून बोट फिरवलंत, मग वाकून कान जवळ नेऊन प्रत्येक सांध्यावर नखाने टिचकी मारलीत. सात टिचक्या. तुम्ही काय म्हणालात? काही नाही. “कोळसा संपला वाटतं,” म्हणालात. दुसऱ्या दिवशी सकाळीच मला कोळसा आणायला लक्ष्मीपुरीत पाठवलंत. मी परत आले तर सातही पानांच्या बुडाशी दोन बोटं रुंद लोखंडी पट्ट्या आवळलेल्या. गरम करून गुंडाळून ठोकलेल्या, जाडजूड, बैलाच्या पायातल्या तोड्यासारख्या. कांड्यातून फुटणारी माझी पानं आता पट्टीत अडकवल्यासारखी दिसत होती. तुमचा घाम गळत होता, हात थरथरत होते. मी विचारलं, ह्या कशाला. तुम्ही म्हणालात, “असू दे.”

तेवढंच. असू दे. त्या दोन शब्दांवर मी तेवीस वर्षं काढली. मला वाटलं, तुम्हाला सोसलं नाही. माझ्या कामावर तुमचा हात फिरल्याशिवाय ते फाटक दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही, म्हणून तापातून उठून तुम्ही माझ्या पानांना बेड्या घातल्यात.

दोन दिवसांनी मालक आले, सोबत मालकीणबाई आणि त्यांचा म्हातारा बाप. म्हाताऱ्याने सातवं मोडकं पान हातात धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मालकांनी विचारलं, ही पानं कुणी काढली, तुम्ही तर आजारी होतात. तुम्ही ऐरणीपाशी स्टुलावर बसला होतात, हातोडी हातात. मी समोर, घण घेऊन, माझ्या नेहमीच्या जागेवर. तुम्ही म्हणालात, “आमच्या पोरानं काढली.” पोरानं. दादा त्या वेळी फौंड्रीत साचे भरत होता, त्याने त्या फाटकाकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं. मी तोंड उघडलं. ‘मालक, ती’ एवढं माझ्या ओठावर आलं होतं. आणि तुम्ही हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजवलीत.

कोरा ठोका. माझं तोंड मिटलं. हात थिजायचे तशी जीभ थिजली. तुम्हाला माहीत होतं की थिजणार. त्या ठोक्यावर माझा विश्वास होता, आबा, तुमची बोटं वाचवण्यासाठी मी तो अंगात मुरवला होता, आणि तुम्ही तो माझं तोंड बंद करायला वापरलात. माझ्या थोबाडीत मारली असतीत तर मी ओरडून सांगितलं असतं. मालकांनी दादाला बोलावून मनगटी घड्याळ बक्षीस दिलं. बिचाऱ्याने आठ दिवस घातलं आणि नवव्या दिवशी माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं. त्याचा मला कधीच राग आला नाही. तो घड्याळाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता, आणि तुम्ही भाकरी कुस्करत खाली मान घालून बसला होतात.

माझ्या लग्नात तुम्ही मला विळी दिलीत. पोलाद वेगळं शोधून आणलं होतंत, पात्याला असं पाणी दिलंत की कांदा चिरताना आवाजही येत नाही. सगळ्या पाहुण्यांनी वाखाणली. मला तुमची सांडशी हवी होती. मी मागितली नाही आणि तुम्ही दिली नाहीत. वीस वर्षं त्या विळीवर मी भाजी चिरतेय, तिला धार लावावी लागली ती दोनदा. एवढी चांगली वस्तू आणि तिचा असा संताप यावा, असं दुसऱ्या कुणाच्या घरात असेल का ते मला ठाऊक नाही.

नवरा मात्र तुम्ही बरा शोधलात. तो उद्यमनगरात वेल्डिंग करतो हे तुम्हाला पसंत नव्हतं, त्याला तुम्ही ‘चिकटवाचिकटवी’ म्हणायचात. त्या चिकटवणाऱ्याने लग्नानंतर सहा महिन्यांत माझ्या हातात होल्डर दिला, काळी काच दिली आणि शेजारी उभा राहून एकेक गोष्ट तोंडाने सांगितली. चुकलं तर म्हणायचा, “हे गेलं, तोड, परत कर.” पहिल्यांदा म्हणाला त्या दिवशी मी घरी येऊन रडले. त्याला वाटलं त्याचं बोलणं लागलं. तुम्ही गेल्यावर दादा दुकान बंद करून ऐरण विकायला निघाला होता, ती मी उचलून आणली, तुमच्या हातोडीसकट. बावड्याच्या वाटेवर पत्र्याची शेड घातली. आता माझ्याकडे जिन्यांचे कठडे येतात, खिडक्या येतात, देवघराची दारं येतात. पुण्याहून लोक येतात. मुंबईत एका प्रदर्शनात माझी दोन झाडं ठेवली होती, लोखंडाची, सहा-सहा फुटांची. पेपरात फोटो आला. घण मारायला माझ्याकडे कुरुंदवाडची एक बाई आहे, मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, आगीकडे बघ.

आता गेल्या आठवड्याचं. फाटक आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल तर छिन्नी घेऊन पट्ट्या काढायला बसले. तेवीस वर्षांनी का होईना, माझी पानं मोकळी करायची होती. पहिली पट्टी तुटली आणि पान माझ्या मांडीवर गळून पडलं. आधी वाटलं गंजलं असेल. पण सांध्यात गंज वेगळाच, जुना, आतपर्यंत काळा. लोखंड लोखंडात शिरलंच नव्हतं, नुसतं टेकलं होतं. दुसरं पान, तेच. तिसरं, तेच. सातांपैकी सहा माझ्या हातात आली. एक तेवढं धरून होतं, ते मोडकं सातवं, ते कसं बसलं कुणास ठाऊक. मी पिवळ्यावरच काढली होती आबा, घाम सुटायच्या आधी. मला रंग माहीतच नव्हता. तोवरची चार वर्षं मी हातोडीच बघितली होती.

तशीच उठून घरी गेले. आई आता माझ्याकडेच असते, दिसतं कमी पण ऐकू सगळं येतं. तिच्यापुढे पान टाकलं आणि विचारलं. तिने पान चाचपलं, बुडाशी अंगठा फिरवला. “ठावं हाय मला. सगळं कच्चं निघालतं. तापात उठून पट्ट्या घातल्या त्यांनी. मी म्हणलं, पोरीला दावा तरी. तर म्हणले, नगं सांगूस तिला. उद्या नांदायला जाणार, कशाला जिवाला लावून घेईल.” मग ती म्हणाली, मालकाला तुझं नावही म्हणूनच सांगितलं नसेल, उद्या पान गळून पडलं असतं तर बोल तुझ्यावर आला असता. असं म्हणून ती माझ्याकडे बघून हसली, जणू काही तुम्ही माझ्यासाठी ठेवलेलं एखादं लुगडं इतक्या वर्षांनी पेटीतून काढून माझ्या अंगावर घातलं.

तिला वाटलं माझा राग आता जाईल. इतके दिवस मी तुम्हाला दुष्ट समजत होते, आता कळलं की तुम्ही माया करत होतात. आबा, मला त्या मायेचा जास्त राग आला. दादाचा जोड सुटला तर तुम्ही त्याला मारलंत आणि तीनदा करायला लावलंत. माझे सहा सुटले तर तुम्ही झाकून टाकलेत. त्याची चूक कामाची होती, माझी चूक अब्रूची झाली. चार वाक्यं लागली असती. हे कच्चं आहे, इथे बस, आगीकडे बघ, घाम दिसला की काढ. अंगात ताप असताना तुम्हाला सात पट्ट्या आवळायचं बळ होतं, चार वाक्यांचं नव्हतं? मी नांदायला जाणार म्हणून मला खरं सांगायचं नाही, हा कुठला न्याय? मी जन्मभर तुम्हाला माझ्यावर जळणारा बाप समजले, ते तुम्हाला चाललं. मी लोहार व्हावं, ते चाललं नाही.

आणि आता जे कुणाला सांगितलेलं नाही ते. मला धगीतला जोड आजही येत नाही. माझी सगळी कामं विजेच्या वेल्डिंगची आहेत. वेल्डिंग करते, तापवते, वरून हातोडीचे घाव घालते, सांधा बुजवते. लोक बोटं फिरवतात आणि विचारतात, बाई, हा जुन्या पद्धतीचा जोड का? मी मान डोलावते. तोंडाने हो म्हणत नाही, नुसती मान डोलावते, आणि पेपरात ते तसंच छापून येतं. परवा शेडचं दार अर्धं लावून, एकटीने, भट्टी पेटवली. कुरुंदवाडच्या बाईला सुटी दिली होती. पहिल्या पानाचं बूड तापवलं. लाल, नारिंगी, पिवळं. घाम कसा दिसतो, आबा? मी वाट बघत राहिले आणि फुलबाज्या उडाल्या. पानाचं बूड जळून गेलं. दुसऱ्याला मी हात लावला नाही. तुमच्या सातही तुटक्या पट्ट्या सरळ केल्या, तापवल्या आणि होत्या तिथे परत आवळून बसवल्या. पहिलं पान बोटभर आखूड झालंय, पट्टीखाली कळत नाही.

काल पुण्याचे एक आर्किटेक्ट आले होते, त्यांना कुठल्याशा हॉटेलच्या दारासाठी काहीतरी हवं होतं. फाटक भिंतीला टेकवून ठेवलेलं बघून ते उभेच राहिले. विचारलं, हे कुणी केलंय? तेवीस वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली तो प्रश्न. मी म्हणाले, “पानं माझी आहेत.” म्हणाले तेव्हा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. त्यांनी मान डोलावली आणि वाकून पट्ट्यांवर हात ठेवला. म्हणाले, पानं सुंदर आहेत ताई, पण खरी गंमत ह्या पट्ट्यांत आहे, किती निर्भीड हात आहे हा, ह्या कुणाच्या?

हे पत्र मी कुठेच धाडणार नाही, घडी करून विळीच्या पाटाखाली सारून ठेवणार आहे. काल त्यांनी विचारलं तेव्हा तुमची हातोडी ऐरणीवरच पडली होती, माझ्या हातापासून वीतभर लांब. मी म्हणाले, त्याही माझ्याच. कोरा ठोका ऐकला असता तर मी अजूनही थांबले असते, आबा. शेडमध्ये काही वाजलं नाही.